हेड उतरवण्याआधी: एका जुन्या पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

भडगाव तालुक्यात गिरणाकाठी केळी लावणाऱ्या एका शेतकऱ्याने फेब्रुवारीअखेर २०११ सालची पिकअप घेतली. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, मागे पाटे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा, मधे बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट. काट्यावर २,३८,००० किलोमीटर होते. पण ब्रेक पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं, म्हणजे त्या आकड्यावर फार भिस्त ठेवायला नको. सौदा २,३५,००० रुपयांत झाला.

काम ठरलेलं होतं. आठवड्यातून दोन फेऱ्या, साधारण अकरा क्विंटल केळी, भडगावहून चाळीसगाव, पुढे कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगर. परतीला खत किंवा रिकामे क्रेट. म्हणजे चाळीसगावपर्यंत सपाट रस्ता, मग भरल्या गाडीने सलग चढ आणि येताना बहुतेक वेळा रिकामी गाडी. पुढे निदान झालं ते याच तीन गोष्टींमुळे.

कागद नीट होते. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा आरसी बुकाशी जुळला, फायनान्सचा बोजा उतरलेला होता, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, त्याची मुदत सात महिने शिल्लक होती. गाडी पाहिली ती सकाळी दहाला, रिकामी, गावाबाहेर चार किलोमीटर चालवून.

अडचण

पहिल्या तीन आठवड्यांत तीन तक्रारी पुढे आल्या.

सकाळी गाडी सुरू व्हायला पंचवीस-तीस सेकंद सेल्फ मारावा लागे. मग धडधडत, पांढरा धूर सोडत उठे. दिवसभरात कितीही वेळा बंद केली तरी लगेच सुरू होई.

५० ते ६० च्या वेगात सीटखाली थरथर येई. स्टिअरिंग मात्र शांत.

आणि घाटात गाडी तापे. पायथ्यापर्यंत तापमानाचा काटा निम्म्यावर, चढ लागला की पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच लाल. थांबल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी बाहेर. तासाभराने रेडिएटरमध्ये अडीच-तीन लिटर पाणी मावायचं.

सल्ले लगेच मिळाले. ‘गाडी तापी राहिनी म्हनजे हेडच गयं, आप्पा’, असं एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं. हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग. त्याखालची गॅस्केट, हेड प्लेन, व्हॉल्व्ह बसवणं, सगळं धरून ३८,०००. डिझेल पंपाच्या दुरुस्तीवाल्याने पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवून कॅलिब्रेशन करायचे २२,००० सांगितले. थरथरीसाठी टायरवाल्याने मागचे दोन्ही टायर बदला म्हटलं, ११,०००. गाडीच्या किमतीच्या पावपटीहून जास्त खर्च, आणि यातल्या एकानेही काही मोजलेलं नव्हतं.

काय करता आलं असतं

समोर चार वाटा होत्या. सांगितलेली तिन्ही कामं एकदम करून मोकळं व्हायचं. गाडी विकणाऱ्याच्या दारात परत नेऊन उभी करायची. पण लेखी हमी नव्हती आणि पैसे रोख गेले होते, म्हणून ती वाट नावापुरतीच. तिसरी, बरेच जण धरतात ती: पाण्याचे दोन कॅन मागे टाकायचे आणि घाटात दोनदा थांबायचं. यात धोका असा की ॲल्युमिनियमचं हेड दोन-तीनदा जास्त तापलं की वाकतं, आणि आज नसलेलं हेडचं काम उद्या खरोखरच निघतं.

शेतकऱ्याने चौथी वाट घेतली. ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकला सोबत घेतलं, आधी मोजायचं आणि मगच खोलायचं असं ठरवलं, आणि तोवर घाट बंद. केळी तेवढे दिवस स्थानिक व्यापाऱ्याला बांधावर दिली. क्विंटलमागे भाव कमी मिळाला, पण फक्त सहा दिवस. सोबत शाळेची एक शंभर पानी वही: तारीख, वेळ, भार, वेग, काटा कुठे, पाणी किती घातलं. बाराशे रुपयांची तापमान मोजायची गन घेतली. संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच.

तापण्याचा माग

वहीतली पहिली कामाची नोंद अशी: सपाट रस्त्यावर सहा दिवस गाडी चालली तरी पाणी एक थेंब कमी झालं नाही. पाणी जातं ते फक्त उकळल्यावर. हेड गॅस्केट फुटली असेल तर पाणी थोडं थोडं रोज कमी होतं किंवा गॅस पाण्यात शिरून ते ढकलून देतो. म्हणून पहिला प्रश्न हा की गॅस पाण्यात जातोय का.

सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी गंजकट तपकिरी, पण वर तेलाचा तवंग नाही. ऑइलची पट्टी काढली तर दुधाळ फेस नाही. झाकण लावून गाडी सुरू केली आणि वरचा होज पाइप मुठीत धरून ठेवला. पाणी गरम व्हायच्या आत, एक-दोन मिनिटांतच पाइप दगडासारखा कडक झाला असता तर सिलिंडरचा गॅस आत येतोय असं समजायचं. तो मऊच राहिला.

मग प्रेशर टेस्टर. रेडिएटरच्या तोंडाला लावून हातपंपाने एक बार दाब दिला. पंधरा मिनिटं काटा जागेवरून हलला नाही. त्याच टेस्टरवर झाकण तपासलं तर ते ०.४ बारलाच उघडत होतं. वर छाप ०.९ चा. हा फरक लहान नाही. ०.९ बार दाबात साधं पाणी सुमारे ११८ अंशांना उकळतं, ०.४ ला १०९ च्या आसपास. दोन-अडीचशे रुपयांच्या झाकणाने उकळण्याची हद्द नऊ अंशांनी खाली आणली होती.

शेवटची खात्री म्हणून कार्बन डायऑक्साइड ओळखणारं निळं द्रव. हे द्रव रेडिएटरच्या तोंडावरच्या नळीत धरतात. पाण्यातून जळका गॅस वर येत असेल तर रंग पिवळा किंवा हिरवट होतो. इथे एक चूक नेहमी होते. डिझेल इंजिन नुसतं रिकामं फिरत असताना हवा भरपूर आणि डिझेल कमी जळतं, त्यामुळे गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड थोडाच असतो. गॅस्केट थोडी फुटलेली असली तरी रंग न बदलण्याची शक्यता राहते. म्हणून आधी आठ क्विंटल भरून पंधरा किलोमीटर फिरवून आणली, झाकण जाड फडक्याने आधी एक खाच सोडून दाब उतरवला, मग काढलं, नळी बुडू नये म्हणून पाण्याची पातळी दोन बोटं खाली घेतली आणि चाचणी केली. द्रव निळंच राहिलं.

इथे हेडचा विषय संपला. ३८,००० वाचले ते चाचण्यांच्या दीड हजारांत.

पण याच टप्प्यावर घाईने एक चूक झाली. झाकण खराब निघालं म्हणून त्याच दिवशी दोन्ही होज पाइप, फॅन बेल्ट आणि पाणी, सगळंच बदललं. पुढच्या फेरीला काटा थोडा उशिरा लाल झाला, घाटाच्या निम्म्यावर. सुधारणा झाली, पण कशामुळे? झाकण, की आधी घसरणारा बेल्ट, की खालचा मऊ पडलेला पाइप, जो पंपाच्या ओढीने आत चिकटत असेल? उत्तर मिळायची सोय त्यांनी स्वतःच घालवली. त्यानंतर वहीच्या पुठ्ठ्यावर ‘एक बदल, एक फेरी’ असं लिहिलं गेलं.

नीट धागा सापडला तो उलट्या टोकाकडून. सकाळी सहाच्या गारव्यात रिकामी गाडी सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर चालवून आणली आणि गन वरच्या होज पाइपावर धरली: ६५ अंश. पुन्हा धरली, ६४. घाटात उकळणारं इंजिन सपाटीवर धड गरमही होत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पहिलं बोट थर्मोस्टॅटकडे जातं. वरच्या पाइपाजवळचं हाउसिंग दोन बोल्ट काढून उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच.

उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जाणाऱ्या मुलखात हा जुना उपाय आहे: गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरू द्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण अशा बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. गरम झाल्यावर तो वर रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच हालचालीत खालच्या चकतीने बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. पंपाने ढकललेल्या पाण्यातला बराच भाग रेडिएटरकडे न जाता आखूड वाटेने परत इंजिनात येतो. सपाटीवर उष्णताच कमी, म्हणून इंजिन थंड. चढावर प्रत्येक लिटर पाणी रेडिएटरमधून जायला हवं तेव्हा अर्धवटच जातं, म्हणून उकळी. आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने केलेला इलाज हाच आजाराचा एक भाग होता.

नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी गॅसवर पातेल्यात, दोऱ्याने टांगून, थर्मामीटर सोबत ठेवून तपासला. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याच्या आचेने आधीच उघडतो. ८२-८३ ला फट दिसू लागली, ९४ ला जवळपास आठ मिलिमीटर. बसवताना हवा सुटायचं बारीक भोक वर ठेवलं. त्यानंतर सपाटीवर वरचा पाइप ८४ ते ८८ वर स्थिर राहिला. डिझेलही लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर जास्त देऊ लागलं. घाटात मात्र शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात काटा अजून चढत होता.

आता हवेची बाजू. पंख्याचं कव्हर जागेवर होतं. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर जड लागला, म्हणजे इंजिन तापल्यावर पंख्याला घट्ट जोडून घेणारं व्हिस्कस कपलिंग ठीक. गनने रेडिएटरची जाळी इंच-इंच तपासली तर मधेच थंड पट्टा कुठे आढळला नाही. नळ्या क्षाराने बुजल्या असत्या तर त्या जागा थंड दिसल्या असत्या. त्यामुळे ८,००० रुपयांचं रेडिएटर कोअर बदलायचं काम बाजूला ठेवलं.

समोरून ग्रिलमधून पाहिलं तर जाळी स्वच्छ, धुतलेली. पण समोरून दिसते ती इंटरकूलरची, म्हणजे टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारी, जाळी. तिच्या आणि रेडिएटरच्या मधे दोनेक बोटांची फट आहे. तिथे वरून टॉर्च टाकला तर राखाडी नमदा दिसला. कापसाचा तंतू, त्यावर धूळ, त्यावर ऑइलच्या वाफेचा चिकटा. आधीचा मालक हंगामात जिनिंगवर कपाशी वाहायचा. जिनिंगच्या आवारात हवेत उडणारा बारीक कापूस इंटरकूलरच्या मोठ्या फटींतून आत जातो आणि रेडिएटरच्या बारीक पात्यांवर अडकतो. इंटरकूलरचे चार बोल्ट काढून तो पुढे झुकवल्यावर हा थर चिमटीत धरून सोलला. जुन्या गादीतला कापूस निघावा तसा सलग, हातभर लांब तुकडा निघाला. रेडिएटरचा खालचा जवळपास निम्मा भाग त्याखाली होता.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारलं, म्हणजे अडकलेलं आलं तसंच बाहेर पडतं. साधा पाइप आणि भांड्यांचा साबण, वीस मिनिटं भिजू देऊन. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की पाती आडवी पडतात आणि मग ती सरळ करत बसावं लागतं.

पाण्याच्या जागी आठ लिटरच्या यंत्रणेत चार लिटर कूलंट आणि चार लिटर डिस्टिल्ड वॉटर घातलं. इकडे पाणी गोठायची भीती नाही, म्हणून कूलंटवर पैसे घालायला लोक नाखूश असतात. पण बोअरच्या जड पाण्याचा क्षार आणि गंज टाळायला तो लागतोच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी ४१ अंशांत, अकरा क्विंटल भरून घाट चढवला. काटा निम्म्याच्या जरा वर गेला आणि तिथेच राहिला. माथ्यावर थांबून गन धरली: ९७.

सकाळचं सुरू न होणं

हे काम त्यामानाने लवकर उरकलं. बॅटरी आधी पाहिली: रात्रभर उभ्या गाडीवर १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.२, सुरू असताना १४.१. तिन्ही ठीक. धुराला डोळ्यांत झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास होता, म्हणजे पाण्याची वाफ नव्हे.

मग बिनपैशाची एक चाचणी. रात्री गाडी शेताच्या उतारावर अशी लावली की मागची बाजू वर आणि तोंड खाली, म्हणजे टाकी पंपापेक्षा उंच. सकाळी दोन सेकंदांत सुरू झाली. दुसऱ्या रात्री तोंड वर करून लावली, तर चाळीस सेकंद. पंप किंवा नोझल झिजले असते तर उताराने एवढा फरक पडला नसता. डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरतंय आणि त्याच्या जागी हवा शिरतेय, हे यातून कळलं.

टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथे चीर असली तरी थेंब बाहेर पडत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ हा पुरावा धरायचा नाही. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुड्यांची माळ दिसली. जोड एकेक करून मागे सरकवला. टाकीवरच्या तोंडाशी रबरी पाइप क्लिपखाली सुकून तडकला होता. आठ मिलिमीटरचा डिझेलला चालणारा दीड मीटर पाइप, चार नव्या क्लिपा, फिल्टरच्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर, नवा फिल्टर, आणि हातपंपाने हवा काढणं. एकूण ९४० रुपये.

थरथर

वहीने इथे पुन्हा साथ दिली. थरथरीच्या सगळ्या नोंदी रिकाम्या गाडीच्या होत्या. दहा क्विंटल भरले की त्याच वेगाला काही नाही. टायर किंवा बॅलन्सिंगचा दोष भारावर असा सहज नाहीसा होत नाही. ५५ वर न्यूट्रल केली तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिन नाही. सीट हलते, स्टिअरिंग नाही, म्हणजे पुढची चाकं नाहीत.

गाडीखाली शिरल्यावर पाटे मोजले. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकलेला. त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू उचललेली, आणि शाफ्ट मागच्या एक्सलच्या हाउसिंगला जास्त तिरक्या कोनात मिळत होता. शाफ्टच्या टोकाचा वळता जोड, म्हणजे युनिव्हर्सल क्रॉस, तिरका फिरला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन जुळले तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो, इथे ते जुळत नव्हते. मागच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर पूड होती. ग्रीस संपून सुया झिजल्याची ती खूण.

क्रॉस बदलायलाच हवा होता. पाट्यावर मात्र चर्चा झाली. शेतकऱ्याला तो हवा होता, भरतीच्या दिवशी चार क्विंटल जास्त टाकता येतात म्हणून. दुसरा पर्याय होता पाटा ठेवून एक्सलच्या बैठकीत तिरकी पाचर घालायची आणि कोन सुधारायचा. पण मग भरल्यावर पाटे बसले की कोन उलट्या बाजूला बिघडतो. ब्रेक, टायर आणि आरसी बुकातला भार तर पाटा वाढवल्याने वाढत नाहीतच. पाटा काढला, यू-बोल्ट नवे टाकले. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही जोडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. सरकणारा जोड एक दात चुकून बसला तर नवीच थरथर उभी राहते. खर्च मजुरीसह ३,१००. टायर बदलले नाहीत.

निष्पत्ती

चाचण्या, गन, सुटे भाग, कूलंट, मजुरी, सगळं मिळून सुमारे ११,४०० रुपये आणि, मधल्या फेऱ्या धरून, पाच आठवडे. सुचवलेल्या तिन्ही कामांचा हिशेब होता ७१,०००, आणि त्यातल्या एकानेही मूळ दोष गेला नसता. हेड उतरवून परत बसवलं असतं तरी कापूस आणि थर्मोस्टॅटचं रिकामं हाउसिंग जिथल्या तिथेच राहिलं असतं.

सगळं निस्तरलं असंही नाही. टायमिंग कव्हरच्या खालून ऑइलचा ओलसरपणा आहे. महिन्याला पाव लिटरही जात नाही, म्हणून पावसाळ्यात गाडीला काम कमी असेल तेव्हा पाहायचं ठरलं. दुसरा गिअर थंड असताना अडकतो. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून थोडा फरक पडला, पुढे हात घातलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

झाकण, पाइप आणि बेल्ट एका दिवशी बदलल्याने एक फेरी आणि एक पुरावा वाया गेला, हे वर आलंच. जुना पाइप धोक्याचा वाटत असेल तर तो बदलावाच, पण मग त्या दिवशीची सुधारणा कुणाच्याही नावावर टाकू नये.

गन आधी घेऊन सपाटीवरचे ६५ अंश पहिल्याच दिवशी वाचले असते तर हाउसिंग आठवडाभर आधी उघडलं गेलं असतं. शिवाय आधीच्या मालकाला ‘गाडीत काही दोष आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘गाडी काय वाहायची’ असं विचारलं असतं तर तो न कचरता कपाशी म्हणाला असता, आणि टॉर्च आधीच त्या फटीत गेला असता.

सौद्याच्या सकाळची गोष्ट आणखी सरळ आहे. रिकाम्या गाडीने चार किलोमीटर सपाट रस्त्यावर जाऊन तापण्याचा दोष दिसणारच नव्हता. थरथर दिसली असती, पण त्या कच्च्या रस्त्यावर वेग चाळीसच्या वर गेला नाही. आणि दहा वाजता गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, कारण ती सकाळी एकदा सुरू करून ठेवलेली होती. बॉनेटवर तळहात ठेवला असता तर ते तिथेच कळलं असतं.